टिटवीचा खुराक

३ मार्च

उभा जन्म छापखान्यात गेला. लोकांनी लिहिलेलं वाचून वाचून चष्मा लागला, पण आपणही चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही. आज लिहायला बसलोय, कारण आजचा प्रकार सांगायला गेलो की कुणी ऐकूनच घेत नाही. ज्याला त्याला एकच सुचतं, "आधी हळू बोला."

दुपारी ट्रक आला. त्यात दादाची पत्र्याची पेटी, दादाची आरामखुर्ची, दादाची दोन चाकांची घोडागाडी आणि दादाची घोडी. दादा स्वतः मागून पुतण्याच्या मोटारीत, मांडीखाली उशी घेऊन.

माझा हा थोरला भाऊ आयुष्यभर घोडागाडीतून घरोघर दूध घालायचा. काम सोडल्यावर करमेना, म्हणून ही घोडी घेतली. तरणी, तांबूस, काडीसारख्या पायांची. मागच्या हिवाळ्यात तो साज चढवत असताना वरच्या गच्चीवरून वाळत घातलेली चादर खाली आली, घोडी उधळली आणि दादा चाकाखाली आला. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, इस्पितळ झालं. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, पुतण्या शहरात दोन खोल्यांत राहतो. म्हणून दादा आमच्याकडे. आणि घोडीसाठी मागच्या अंगणातली खोली, जिथे मी छापखान्याचे उरलेसुरले कागद ठेवायचो.

पुतण्या म्हणाला, "काका, बाबांना सांभाळा, एवढंच पुष्कळ आहे. घोडीला मी गिऱ्हाईक शोधलंय. मे महिन्यात येऊन घेऊन जातो."

गिऱ्हाईक म्हणजे जनावरांचा एक व्यापारी. त्याच्याकडे गेलेलं जनावर पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नाही.

मी म्हटलं, "विकायची कशाला? मी काय मेलोय का?"

घोडी तेव्हा ट्रकच्या फळीवरून उतरत होती. ती अशी उसळली की दोर माझ्या तळहातातून सणसणत गेला. बायकोने हळद लावून पट्टी बांधली आणि म्हणाली, "टिटवी आहे नुसती. जमिनीवरची टिटवी." तेच नाव पडलं.

दादा खिडकीतून बघत होता.  त्याचा जीव आहे त्या घोडीत. मला कुणी विचारत नाही, पण मला दिसतं.

५ मार्च

जनावरांच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. दोन दिवसांत टिटवीने दाराला दोन लाथा घातल्या, बादली उलटी केली आणि माझी टोपी बघून घामाने निथळली. मला वाटलं, हिच्या डोक्यातच काहीतरी फिरलंय.

बाईंनी डोक्याला हातही लावला नाही. पहिला प्रश्न, "खायला काय घालता?"

दादाने पाठ करून घेतलं होतं तसं सांगितलं. सकाळ-संध्याकाळ पाटीभर जव नि मका, वरून काकवी, आणि एक पेंढी वाळलं गवत.

"आणि काम किती करते?"

"काम कसलं? उभी असते."

"म्हणजे पैलवानाचा खुराक खायचा आणि दिवसभर कोंडून बसायचं," बाई म्हणाल्या. मग तिच्या तोंडात हात घातला. मागच्या दाढांना धार आली होती, गालाला आतून घासत होती. लांब कानशीने घासून दिली. पोटाखाली दाबलं तर टिटवीने कान मागे टाकले.

"घोड्याच्या पोटात आंबट पाणी दिवसरात्र सुटत असतं, चारा असो नसो. हिची पेंढी तासाभरात संपते. मग जळजळत्या पोटाने उभी. तुमचं पोट असं जळत असताना कुणी मागून पत्रा वाजवला तर तुम्ही काय कराल?"

मी काय करीन ते ही स्वयंपाकघरातून म्हणाली. लिहीत नाही.

करायचं ते असं. गवत सतत पुढ्यात हवं. दाणा हळूहळू कमी, एकदम तोडायचा नाही. काकवी बंद. पोटाचं औषध. चाटायला मिठाचा खडा. दिवसाचा बराच वेळ बाहेर मोकळं. रोज तोच माणूस, तीच वेळ. आणि सोबत. एकटं घोडं कायम पहाऱ्यावर असतं म्हणे, झोपतसुद्धा नाही धड.

"आणि आवाज," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"कुणाचा?"

"सगळ्यांचाच," त्या म्हणाल्या आणि बॅग बंद केली. रस्त्यावरच्या मोटारींबद्दल म्हणत असाव्यात.

आता प्रश्न एकच. दादाला कोण सांगणार?

६ मार्च

मीच सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतंय.

"दादा, खुराक जास्त होतोय तिला."

त्याने पेपर खाली ठेवला. "माझ्या तिन्ही घोड्यांनी हाच खुराक खाल्ला. एकाने तरी मला पाडलं?"

"ते गावभर गाडी ओढायचे. ही कुठे जाते? तू बसून आणि ती उभी राहून."

मला म्हणायचं होतं वेगळं, निघालं असं. दादा माझ्या हातावरच्या पट्टीकडे बघायला लागला. मग हलक्या आवाजात काहीतरी म्हणाला. 'म्हणजे मीच' असं काहीसं. मशीनपाशी उभं राहून माझे कान अर्धे गेलेत, मला नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काय?" तर पेपर तोंडासमोर धरला.

लहानपणी दादा गाडी हाकायचा आणि मी मागे कॅन धरून बसायचो. लगाम त्याने मला कधी दिला नाही. मी मागितलाही नाही. आज पहिल्यांदा त्याच्या घोडीबद्दल मी त्याला काही सांगितलं, आणि त्याने जेवताना माझ्याकडे बघितलंही नाही.

९ मार्च

दाणा थोडा कमी केला. ही स्वतः मापाने घालते. माझ्यावर विश्वास नाही म्हणाली, मी मूठ मोकळी सोडतो.

माझा चहाही दोनवर आलाय. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? तर म्हणे डॉक्टरीणबाईंनी. मला कधी तपासलं त्यांनी?

१४ मार्च

गवतासाठी जाळी विणली. बारीक भोकांची. त्यामुळे घोडीला चिमूट चिमूट ओढून खावं लागतं आणि चारा टिकतो. गाठी मी मारल्या. छापखान्यात गठ्ठे बांधायचो ते हात अजून विसरलेले नाहीत. टिटवीने आधी जाळीला चोर समजून भिंतीशी अंग चोरलं. मग भूक जिंकली.

खोलीची मागची भिंत अर्धी पाडून घेतली. आता तिला अंगण दिसतं, अंगणापलीकडचा रिकामा प्लॉट दिसतो. प्लॉटच्या मालकाने कुंपण घालायला हरकत घेतली नाही, गवत कापायची त्याची कटकट वाचली.

दादा बोलायला लागलाय, पण माझ्याशी नाही, खिडकीशी. "बादली उजवीकडे ठेव! खरारा उलटा फिरवू नकोस! मागून जाऊ नकोस!" मी म्हटलं, इथे येऊन दाखव ना. चालायला लागलायस तू. तर म्हणाला, चप्पल सापडत नाहीये. चप्पल त्याच्या खुर्चीखालीच होती. मी काढून दिली. मग म्हणाला, आज नको, पाय ठणकतोय.

रुसलाय अजून. खुराकाचं मनाला लागलंय.

२० मार्च

आज सगळं पाण्यात गेलं असं वाटलं. चांगली शांत चरत होती. मी कुंपणापाशी गेलो आणि प्रेमाने म्हटलं, "काय टिटवे, कसं काय!" ती चारही पायांवर उडाली, पलीकडच्या टोकाला जाऊन फुरफुरत उभी राहिली. मी जवळ गेलो की दूर. मी थांबलो की थांबायची, पण कान माझ्यावरच.

मी आत येऊन मटकन बसलो. म्हटलं, दाणा कमी झाला, दाढा घासल्या, पोटाचं औषध झालं. आता आणखी काय पाहिजे हिला?

ही भाजी निवडत होती. म्हणाली, "रागावणार नसाल तर सांगते."

"मी कधी रागावतो?"

"अहो, तुम्ही बोलता ते बोलणं नसतं. हाळी असते. तिकडे मशीन धडधडत होतं तेव्हा ठीक होतं. आता मशीन नाही."

मी म्हटलं, कुणाला त्रास होतो? हिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. टपालवाला, समोरचं तान्हं बाळ... दुसरा हात घेतला तेव्हा मी थांबवलं.

मग ही उठली, ओले हात पुसले, अंगणात गेली. काहीही न बोलता कुंपणाला टेकून उभी राहिली. टिटवीकडे बघतही नव्हती. थोड्या वेळाने ती घोडी आपणहून आली आणि हिच्या खांद्यापाशी नाक आणून उभी राहिली. इतकी वर्षं संसार केला, ही माझ्यासाठी कधी अशी गप्प उभी राहिल्याचं आठवत नाही.

वाईट वाटलं. खोटं का लिहू?

२४ मार्च

कुजबुजायचा सराव चालू आहे. पुटपुटल्यासारखं बोललो की माझं मलाच ऐकू येत नाही, मग मी बोललो की नाही हेच कळत नाही. टिटवीला मात्र कळतं. एक कान फिरवते.

आज माझ्या हातून मिठाचा खडा चाटला. जीभ कानशीसारखी खरखरीत.

२ एप्रिल

सोबत आली. गल्लीच्या टोकाला राहणारी शिंपीण गाव सोडून मुलीकडे चालली आहे. तिची म्हातारी शेळी घ्यायला कुणी तयार नव्हतं. एक शिंग मोडलेलं, दाढी पिवळी. आल्या आल्या तिने टिटवीची जाळी ओढली, मिठाचा खडा चाटला आणि टिटवीच्या पोटाखाली सावलीत बसली. टिटवी पुतळ्यासारखी. एक पाय उचललेला, तो खाली ठेवावा की नाही या विचारात.

संध्याकाळी बघतो तर घोडी आडवी पडून झोपलेली! माझ्या तोंडचं पाणी पळालं, धावणार होतो, तेवढ्यात तिने शेपटी हलवली. आल्यापासून पहिल्यांदा आडवी झाली. शेळी बाजूला रवंथ करत पहाऱ्यावर.

दादाला सांगायला गेलो. (हळू आवाजात.) तो खिडकीत नव्हता, व्हरांड्यात होता. हिने त्याची आरामखुर्ची व्हरांड्यात आणून ठेवली आहे. आत म्हणे उकडतं. मला तर काही उकडत नाही, आणि मी जाता-येता त्या खुर्चीला अडखळतो.

११ एप्रिल

दोर धरून टिटवीला गल्लीपर्यंत नेऊन आणलं. सायकल गेली, तिने मान वर केली. कुत्रं भुंकलं, दोन पावलं आडवी गेली, मग माझ्याकडे बघितलं. मी काही केलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ती बुजली की तुम्ही श्वास सोडा. मी सोडला. तिनेही सोडला. शेळी मागून येतच होती.

दाणा आता मूठभर. अंगावर तकाकी आली आहे, ती कशाने आली कोण जाणे. आम्हाला वाटलं होतं वाळेल.

मी पण हल्ली सकाळी लवकर जागा होतो आणि पोट साफ असतं. हवा बदलली असेल.

दादाचा पाय बघायला बाई येतात, व्यायाम करून घेणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आजोबांचा पाय उत्तम आहे. वॉकर घेऊन अंगणच काय, रस्त्यावर जाऊ शकतात." मग जात का नाही? मी आज सरळ विचारलं, "दादा, माझ्यावरचा राग घोडीवर का काढतोस?" तो म्हणाला, "राग कसला?" आणि पेपर वर.

खुर्ची व्हरांड्याच्या पायरीशी सरकलीय. आज अंगठा ठेचला.

रात्री जेवणाआधी पुतण्याचा फोन. येत्या महिन्यात ट्रक घेऊन येतो म्हणाला. मी म्हटलं, अरे घोडी किती सुधारलीय, आणि तुझ्या बाबांचा जीव आहे तिच्यात, कसा विकतोस? तो म्हणाला, "काका, मी कुठे विकतोय? बाबाच मागे लागलेत. इस्पितळातून पहिला फोन त्यांनी त्यासाठीच केला."

गैरसमज झाला असणार त्याचा. औषधांच्या गुंगीत दादा काहीतरी बोलला असेल.

१९ एप्रिल

आज झालं ते लगेच लिहून टाकतो.

खुर्ची आता अंगणातच असते, पेरूच्या झाडाखाली. सकाळी दादा तिथे बसला होता. मी कुंपणाशी खरारा करत होतो. टिटवी डोळे अर्धे मिटून उभी. मला वाटलं, आता किती दिवस रुसायचं माणसाने? मी गेलो, वॉकर त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "चल. चार पावलं. आज काही ऐकून घेणार नाही." तो उठला. मी दंडाला धरून नेलं.

कुंपणापाशी पोचलो. टिटवीने त्याला ओळखलं, मान लांब करून त्याच्याकडे नाक नेलं. एवढंच. फक्त नाक नेलं.

दादा झटक्यात मागे सरला. वॉकर हातातून सुटला, फरशीवर खणकन आदळला, लोळत जाऊन बादलीवर आपटला. पाणी, बादली, लोखंड, सगळा गोंधळ एकदम. मी दादाला धरलं नसतं तर तो पुन्हा पडला असता. आणि मी मनात म्हटलं, गेली, आता कुंपण तोडून गेली.

ती हलली नाही. कान टवकारले, बादलीकडे बघितलं, नाकातून वारा सोडला आणि पुन्हा गवताला लागली.

मी हसत दादाकडे वळलो, बघितलंस का म्हणणार होतो. त्याचा चेहरा कागदासारखा. ओठ पांढरे. माझा शर्ट त्याने मुठीत असा धरला होता की वरचं बटण तुटलं. छातीचा ठोका मला माझ्या हाताला लागत होता.

घोडी नाही बुजली. दादा बुजला.

त्याला खुर्चीत बसवलं. तो म्हणाला, "वहिनीला सांगू नकोस." वहिनी म्हणजे त्याची स्वतःची बायको. तिला आता कोण सांगणार, असं मी विचारलं नाही. आम्ही सगळेच तिला वहिनी म्हणायचो, तोही चेष्टेने म्हणायचा. तिला जाऊन इतकी वर्षं झाली.

मी म्हटलं, "नाही सांगणार."

२० एप्रिल

हिला सांगितलं. हिला सांगू नकोस असं तो म्हणाला नव्हता.

"भाऊजी घाबरतात," ही म्हणाली, "हे तुम्हाला काल कळलं?"

"तुला कधी?"

"ट्रकमधून घोडी उतरली त्याच दिवशी. तुमच्या हातातून दोर सुटला तेव्हा ते खिडकीत होते, आणि खिडकीची कडी लावून घेतली त्यांनी. खिडकीतून घोडी काय आत येणार आहे?" 

"मग सांगायचं नाही का मला?"

"तुम्ही सगळ्या गल्लीला ऐकवलं असतं."

 मग खुर्चीचं विचारलं. व्हरांडा, पायरी, पेरूचं झाड. ही हसली, आणि चहाचा तिसरा कप माझ्यापुढे ठेवला. मी मागितला नव्हता.

दिवसभर एकच डोक्यात. दादा. पहाटे अंधारात, धुक्यात, घसरड्या उतारावरून गाडी हाकणारा दादा. मला वाटायचं, भीती ही वस्तूच त्याच्या घरात नव्हती.

२३ एप्रिल

टिटवीचं जे केलं तेच करायचं ठरवलं. रोज तीच वेळ. चल म्हणायचं नाही. मी खरारा करतो, दादा झाडाखाली. मी खुर्ची हलवत नाही. हलवायची झाली तर तो हलवतो.

आज त्याने विचारलं, "दाणा किती देतोस?"

"मूठभर."

"बास होतो?"

"बघ ना तिच्याकडे."

बघत राहिला. मग म्हणाला, "मी तिला तसं खायला घालत होतो, कारण मला दुसरं काही देता येत नव्हतं. काम नाही, रस्ता नाही. निदान पोटभर खाऊ दे म्हटलं."

मी खरारा फिरवत राहिलो. एरवी मी काहीतरी बोललोच असतो.

२९ एप्रिल

शेळी दादाच्या मांडीवर पुढचे पाय ठेवून त्याचा पेपर खाते. दादा तिला हाकलत नाही. शेळी जिकडे तिकडे टिटवी. त्यामुळे घोडीही आता पेरूपाशी येऊन उभी राहते, मध्ये कुंपण. दादा खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसतो. पण बसतो.

४ मे

दादाने खरारा मागितला. कुंपणाच्या फटीतून मानेवर दोनदा फिरवला आणि परत दिला.  टिटवीने डोळे मिटले.

मी शेळीकडे बघत होतो असं दाखवलं.

११ मे

पुतण्या आला. मागोमाग ट्रक, तोच, तीच फळी. ड्रायव्हरने फळी धाडकन खाली टाकली. टिटवी लांबून बघत राहिली.

माझा जीव टांगणीला. दादाला मी काही विचारलं नव्हतं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण ठरवणं वेगळं आणि ट्रक दारात उभा असणं वेगळं. ही दाराला टेकून उभी, हाताला पोळपाटावरचं पीठ. माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

पुतण्या म्हणाला, "बाबा, सगळं ठरलंय. व्यापारी आज वाट बघतोय."

दादा झाडाखालून उठला. वॉकर न घेता. कुंपणाला धरून उभा राहिला.

"मीच फोन केला होता तुला."

"हो बाबा. तुम्हीच म्हणालात, ती माझ्या डोळ्यांसमोर नको."

"म्हणालो होतो," दादा म्हणाला. "तेव्हा डोळे मिटले की तीच दिसायची. अंगावर येणारी."

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. मी गप्प. दादाने हात कुंपणावरून पलीकडे नेला. टिटवीने नाक आणलं, तळहात हुंगला. या वेळी तो मागे सरला नाही. मानेवर घाम आला होता त्याच्या, मला दिसत होता, पण हात तिथेच.

"भीती गेली का बाबा?" पुतण्याने विचारलं.

"नाही. आहे," दादा म्हणाला. "पण ती इथेच राहू दे. घोडीपण."

ट्रक रिकामा गेला. पुतण्या जेवायला थांबला. जाताना मला म्हणाला, "काका, तुम्ही आज बोललाच नाहीत. बरं आहे ना?"

१९ मे

दादा मला गाडी हाकायला शिकवतो आहे. साज चढवून घ्यायला टिटवीला पहिल्यापासून शिकवलं, एक एक पट्टा, रोज एक. आधी पट्टा नुसता पाठीवर. मग गाडी नुसती शेजारी उभी. मग रिकामी गाडी ओढत अंगणात फेऱ्या. आज रिकाम्या गाडीत मी.

लगाम पहिल्यांदा हातात आला. दादा खाली उभा राहून म्हणाला, "ओढू नकोस. धरून ठेव. तिला कळलं पाहिजे की तू आहेस, एवढंच." माझे तळहात घामाने ओले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माणसाला एवढा आनंद होतो हे कुणाला सांगायची सोय नाही.

६ जून

आज दादा गाडीत बसला.

मी बोलावलं नव्हतं. मी फेरीला निघालो होतो, तो फाटकाशी आला, म्हणाला, "थांब." पायरीवर पाय ठेवायला त्याला बराच वेळ लागला. ही खालून धरायला आली तर म्हणाला, "नको, चढतो." टिटवी तोवर दगडासारखी उभी. शेळी फाटकात अडवून ठेवली, तिने आरडाओरडा केला, तरीही.

तो माझ्या उजवीकडे बसला. गल्ली संपेपर्यंत दोन्ही हातांनी बाक धरून. मोठ्या रस्त्याला लागलो. एक बस गेली, तिचा वारा अंगावर आला. टिटवीने कान हलवले आणि चालत राहिली. मी म्हटलं, बघ, श्वास सोडायचा, मी सोडतो, तीही सोडते. 

मग तळ्याकडचा रस्ता. दोन्ही बाजूंनी झाडं, खाली मातीचा रस्ता, टापांचा आवाज मऊ. मी त्याला सगळं सांगत गेलो. गवताच्या जाळीच्या गाठी कशा मारल्या, पहिल्यांदा मीठ कसं चाटलं, दाणा कमी करताना मला कसली धाकधूक होती. हळू आवाजात, पण सविस्तर. विचारलं, "दादा, डावीकडे वळताना लगाम जरा आधी घेतला का मी?"

उत्तर नाही.

मला वाटलं, पुन्हा घाबरला. बघितलं तर हात बाकावरून सुटून मांडीवर पडलेले, तोंड उघडं. झोपला होता! मी एवढं जीव तोडून सांगतोय आणि हा घोरतोय. थोड्या वेळाने त्याचं डोकं घरंगळत माझ्या खांद्यावर आलं.

घराकडचं वळण आलं तेव्हा मी वळलोच नाही. तळ्याला आणखी एक फेरी घातली. मग आणखी एक. टिटवीला कसलीच घाई नव्हती. समोरून ओळखीचा पाववाला सायकलवरून आला, लांबूनच हाक मारायला त्याने तोंड उघडलं, तर मी त्याला हाताने खूण केली, श्श.

परत आलो तेव्हा ही फाटकात उभी. किती उशीर, म्हणणार होती, मग दादाकडे बघितलं आणि थांबली. फाटक उघडं धरून उभी राहिली, आणि पदर डोळ्याला लावला. धूळ गेली असेल.

उजवा हात खांद्यापासून बधिर झालाय. डाव्या हाताने लिहिलंय, अक्षर वेडंवाकडं आलंय. असू दे.